सारनाथ

भारतातील एक प्राचीन बौद्ध तीर्थक्षेत्र व पुरातत्त्वीय स्थळ. ते उत्तर प्रदेश राज्यात वाराणसीच्या ईशान्येस सु. १० किमी. वर वसले आहे. बोधगया येथे ज्ञानप्राप्ती झाल्यानंतर गौतम बुद्धाने आपला पहिला उपदेश येथेच केला व येथेच भिक्षुसंघाची स्थापना झाली, अशी बौद्ध परंपरा आहे. त्यामुळे लुंबिनी, बोधगया व कुशिनगर यांबरोबर सारनाथची गणना बौद्धांच्या चार प्रमुख तीर्थक्षेत्रांत होते. अशोकाच्या काळापासून (इ. स. पू. तिसरे शतक) बाराव्या शतकापर्यंत येथे सु. दीड हजार वर्षे स्तूप, विहार व मंदिरे यांची उभारणी आणि डागडुजी चालू होती. त्यानंतर हे स्थळ विस्मृतीत गेले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ते प्रकाशात आले, ते विटा व दगड यांची खाण म्हणून. आज दिसणारे अवशेष या दोन्ही इतिहासांचे साक्षीदार आहेत.

नावे व परंपरा : पाली वाङ्‌मयात या स्थळाचा उल्लेख ‘इसिपतन’ (सं. ऋषिपतन) व ‘मिगदाय’ (सं. मृगदाव) या नावांनी येतो. आकाशमार्गाने जाणारे ऋषी येथे उतरत, म्हणून ते ऋषिपतन, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मृगदाव या नावामागे निग्रोधमृग जातकातील कथा आहे. पूर्वजन्मी बोधिसत्त्व हरणांच्या कळपाचा राजा होता. काशीच्या राजासाठी रोज एक हरीण आळीपाळीने पाठविण्याचा क्रम ठरलेला असता एका गर्भिणी हरिणीची पाळी आली, तेव्हा तिच्याऐवजी तो स्वतः वधस्थानी जाऊन उभा राहिला. राजाने त्याच्या करुणेने प्रभावित होऊन सर्व हरणांना अभय दिले, अशी ही कथा आहे. मध्ययुगीन लेखांत येथील विहाराला ‘सद्धर्मचक्रप्रवर्तन विहार’ म्हटले आहे. सारनाथ हे आजचे नाव ‘सारंगनाथ’ (हरणांचा स्वामी) या शब्दावरून आले असावे. जवळच सारंगनाथ नावाचे शिवमंदिर आहे. जैन परंपरेनुसार अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचा जन्म या परिसरातील सिंहपूर येथे झाला. धमेक स्तूपाशेजारी १८२४ मध्ये बांधलेले त्यांचे मंदिर आहे.

गौतमाने उग्र तपश्चर्या सोडून दिल्यामुळे नाराज झालेले त्याचे पाच सहकारी—कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम व अश्वजित—त्याला सोडून ऋषिपतनास येऊन राहिले होते. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध त्यांच्या शोधात येथे आला. देहदंड व भोगविलास ही दोन्ही टोके टाळणारा मध्यम मार्ग, चार आर्यसत्ये आणि आर्य अष्टांगिक मार्ग यांचे विवेचन त्याने आषाढ पौर्णिमेस त्यांच्यापुढे केले. या घटनेस ‘धर्मचक्रप्रवर्तन’ असे म्हणतात. त्यानंतर वाराणसीतील यश नावाच्या श्रेष्ठिपुत्राने व त्याच्या मित्रांनी प्रव्रज्या घेतली. भिक्षूंची संख्या साठ झाल्यावर बुद्धाने त्यांना लोकहितासाठी निरनिराळ्या दिशांना धर्मोपदेशार्थ पाठविले. बुद्धाने पहिला वर्षावासही येथेच केला, असे परंपरा सांगते.

मौर्य व कुशाण काळ : बुद्धाच्या समकालीन अशी कोणतीही वास्तू सारनाथ येथे सापडलेली नाही. येथील ज्ञात वास्तूंचा इतिहास अशोकापासून सुरू होतो. धर्मराजिका स्तूपाचा मूळ गाभा व एकसंध दगडी स्तंभ त्याच्या काळातील होत. चुनारच्या वालुकाश्मात घडविलेला हा स्तंभ मुळात सु. १५ मी. उंच असावा. सध्या त्याचा खालचा भाग जागेवर उभा असून इतर तुकडे शेजारी ठेवले आहेत. स्तंभावरील ब्राह्मी लिपीतील आदेश संघभेदासंबंधी आहे. जो भिक्षू किंवा जी भिक्षुणी संघात फूट पाडील, त्यांना पांढरी वस्त्रे नेसवून संघाच्या निवासस्थानाबाहेर ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. उपासकांनी प्रत्येक उपोसथाच्या दिवशी येऊन या शासनाची ओळख करून घ्यावी, अशीही सूचना त्यात आहे. याच आशयाचे लेख सांची व कौशांबी येथेही मिळाले आहेत. त्यावरून संघातील मतभेद अशोकाच्या काळीच राज्यसत्तेला दखल घ्यावी लागेल इतके तीव्र झाले होते, असे दिसते.

याच स्तंभावर पुढील काळातील आणखी दोन लेख कोरलेले आहेत. एकात अश्वघोष नावाच्या राजाच्या चाळिसाव्या वर्षाचा उल्लेख असून दुसऱ्यात सम्मितीय पंथाच्या आचार्यांचा निर्देश आहे. प्रमुख मंदिरातील एका मौर्यकालीन वेदिकेवर तर आधीच्या लेखातील काही अक्षरे खोडून त्या जागी सर्वास्तिवादी आचार्यांचे नाव घातल्याचे दिसते. ज्या स्तंभावर संघातील फुटीविरुद्ध राजाज्ञा कोरली, त्याच स्तंभाने व त्याच्या परिसराने पुढे निरनिराळ्या पंथांचे स्वामित्व नोंदविले, ही गोष्ट बौद्ध संघाच्या इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

कुशाण काळात सारनाथला पुन्हा ऊर्जितावस्था आली. कनिष्काच्या तिसऱ्या राज्यवर्षी बल नावाच्या भिक्षूने येथे बोधिसत्त्वाची एक भव्य उभी मूर्ती व तिच्यावर दगडी छत्र उभारले. मूर्ती मथुरेच्या तांबड्या वालुकाश्मात घडविलेली असून तिच्यावरील लेखात महाक्षत्रप खरपल्लान व क्षत्रप वनस्पर यांची नावे आली आहेत. मथुरेत तयार झालेली ही मूर्ती सारनाथच्या शिल्पकारांपुढे नमुना म्हणून राहिली. स्थानिक चुनारी दगडात तिच्या धर्तीवर केलेल्या मूर्ती येथे मिळाल्या आहेत.

गुप्तकाळ व चिनी यात्रेकरू : सारनाथच्या कलेचा परमोत्कर्ष गुप्तकाळात झाला. मथुरेच्या मूर्तींतील वस्त्राच्या चुण्या येथे नाहीशा झाल्या. अंगाला चिकटलेले, जवळजवळ पारदर्शक वस्त्र, अर्धोन्मीलित नेत्र, तजेलदार व सडपातळ शरीर आणि कोरीव प्रभामंडल ही सारनाथ शैलीची वैशिष्ट्ये होत. भिक्षू अभयमित्राने दान दिलेल्या मूर्तींवर गुप्त संवत १५४ व १५७ (इ. स. ४७३-७४ व ४७६-७७) या मिती असून त्यांत अनुक्रमे दुसरा कुमारगुप्त व बुधगुप्त यांचा उल्लेख आहे. या मितींमुळे गुप्तकालीन शिल्पाचा कालानुक्रम लावण्यास पक्का आधार मिळाला. धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बैठी बुद्धमूर्ती ही या शैलीची सर्वोत्कृष्ट निर्मिती मानली जाते. तिच्या पीठावर मध्यभागी धर्मचक्र, दोन्ही बाजूंस हरणे, पाच शिष्य आणि मूल घेतलेली एक स्त्री कोरली आहे. ही स्त्री बहुधा मूर्तीचे दान देणारी उपासिका असावी.

पाचव्या शतकाच्या प्रारंभी फाहियान व सातव्या शतकात यूआन च्वांग (ह्यूएनत्संग) या चिनी यात्रेकरूंनी सारनाथला भेट दिली. यूआन च्वांगच्या वृत्तांतानुसार येथे सम्मितीय पंथाचे पंधराशे भिक्षू राहत होते. आवाराच्या मध्यभागी सु. दोनशे फूट उंचीचे मंदिर होते व त्यात धर्मचक्र फिरविणाऱ्या बुद्धाची मानवाकृती धातुमूर्ती होती. नैर्ऋत्येस अशोकाने बांधलेला, पडझड झालेला परंतु शंभर फूट उंचीचा स्तूप आणि त्याच्यासमोर पाचूसारखा चमकणारा सत्तर फूट उंच स्तंभ त्याने पाहिला. उंचीच्या या आकड्यांत काही अतिशयोक्ती असली, तरी वास्तूंच्या परस्परसापेक्ष जागा त्याने पुष्कळशा अचूक दिल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात येथील भग्नावशेषांची ओळख पटविताना त्याच्या वृत्तांताचाच मुख्य आधार घेतला गेला.

अखेरचा काळ : पालकाळात सारनाथवर वज्रयानाचा प्रभाव वाढला. तारा, मारीची, अवलोकितेश्वर इत्यादींच्या मूर्ती या काळातील आहेत. विक्रम संवत १०८३ (इ. स. १०२६) च्या एका लेखात पाल राजा महीपाल याचा उल्लेख असून स्थिरपाल व वसंतपाल या बंधूंनी धर्मराजिका व धर्मचक्र या वास्तूंचा जीर्णोद्धार केला व एक नवी दगडी गंधकुटी बांधली, असे त्यात नमूद आहे. बाराव्या शतकात कनौजचा गाहडवाल राजा गोविंदचंद्र (कार. सु. १११४–५४) याची बौद्ध धर्मीय राणी कुमारदेवी हिने ‘धर्मचक्रजिनविहार’ बांधला. राजा स्वतः वैदिक धर्माचा अनुयायी असूनही राणीच्या या दानास बाधा आली नाही, हे त्या काळच्या धार्मिक जीवनावर प्रकाश टाकणारे आहे. सारनाथ येथील ही अखेरची मोठी वास्तू. ११९४ मध्ये मुहम्मद घोरीच्या सैन्याने वाराणसी जिंकली. तेव्हाच सारनाथचाही विध्वंस झाला, असे सामान्यतः मानले जाते. उत्खननांत जळालेल्या अवशेषांचे थर आढळले आहेत. तथापि एका आघाताने येथील परंपरा संपली, असे म्हणणे पुरेसे नाही. राजाश्रय व दाते यांच्यावर अवलंबून असलेले विहार ते आधार तुटताच पुन्हा उभे राहू शकले नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

यानंतरच्या चार-पाच शतकांत या स्थळाचे मूळ स्वरूप स्थानिक लोकांच्या स्मृतीतून पुसले गेले. मोगल सम्राट हुमायून येथील एका उंचवट्यावर काही काळ थांबला होता. त्याचे स्मारक म्हणून राजा तोडरमलाचा मुलगा गोवर्धन याने १५८८ मध्ये त्या उंचवट्यावर अष्टकोनी मनोरा बांधला व तसा फार्सी लेखही बसविला. हा उंचवटा म्हणजे चौखंडी स्तूप होय. बुद्ध व त्याचे पाच सहकारी यांची भेट जेथे झाली, ते हे स्थान, असे परंपरा मानते. त्यावर मनोरा बांधणाऱ्यांना मात्र आपण कशावर उभे आहोत, याची कल्पना नसावी.

विध्वंस व संशोधन : १७९४ मध्ये वाराणसीत एक पेठ (जगतगंज) उभारण्यासाठी बाबू जगतसिंह यांच्या माणसांनी धर्मराजिका स्तूप खणून त्याच्या विटा नेल्या. सु. ८ मी. खोलीवर त्यांना एक दगडी पेटी व तीत हिरवट संगमरवराचा करंडक मिळाला. करंडकात काही अस्थी, मोती, सोन्याचा पत्रा व रत्ने होती. अस्थी गंगेत विसर्जित करण्यात आल्या. बनारसचा त्या वेळचा ब्रिटिश रेसिडेंट व पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला जोनाथन डंकन याने या घटनेचा वृत्तांत एशियाटिक सोसायटीला कळविला. महीपालाच्या उल्लेखाचा वर सांगितलेला लेखही त्याच वेळी हाती आला होता. त्यावरून या अस्थी बुद्धाच्या उपासकांपैकी कोणाच्या तरी असाव्यात, असा तर्क डंकनने केला.

अस्थींचे विसर्जन करणाऱ्यांनी केले ते अनादराच्या बुद्धीने, असे म्हणता येत नाही. मृताच्या अस्थी गंगार्पण करणे हे काशीच्या परंपरेत पुण्यकृत्यच होय. परंतु त्यामुळे झालेली हानी कधीही भरून न येणारी ठरली. धर्मराजिका स्तूप अशोकाने बांधला असे मानले, तर त्याच्या गर्भातील अस्थी प्रत्यक्ष बुद्धाच्या समजल्या जात होत्या, अशी दाट शक्यता आहे. पेटी व करंडक यांवर लेख होता काय, वस्तू कोणत्या क्रमाने ठेवल्या होत्या, करंडक मूळचा की जीर्णोद्धाराच्या वेळी ठेवलेला, या प्रश्नांची उत्तरे स्तूपाबरोबरच नाहीशी झाली. त्याच वेळी, या विध्वंसाच्या वृत्तांतामुळेच सारनाथकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम वेधले गेले, हाही इतिहासाचा एक विरोधाभास आहे.

१८१५ मध्ये कर्नल मॅकेंझी याने येथे काही खोदकाम केले. १८३४–३६ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम या तरुण लष्करी अभियंत्याने पद्धतशीर शोध सुरू केला. जुन्या खोदकामाची आठवण असलेल्या एका वृद्धाच्या मदतीने त्याने जगतसिंहाच्या माणसांनी टाकून दिलेली दगडी पेटी शोधून काढली. धमेक स्तूपाच्या माथ्यापासून पायापर्यंत त्याने उभी विहीर खणली. वरून सु. ९१ सेंमी. वर त्याला ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ हे बौद्ध वचन कोरलेली शिळा मिळाली. तळाशी मौर्यकालीन आकाराच्या विटा लागल्या. परंतु अस्थी आढळल्या नाहीत. त्याने सु. साठ मूर्ती व शिल्पपटही उजेडात आणले. यांतील निवडक वस्तू कलकत्त्यास गेल्या. मागे राहिलेल्यांपैकी अठ्ठेचाळीस मूर्ती व इतर कोरीव दगड पुढे वरुणा नदीवरील पुलाच्या कामात पाण्याचा जोर अडविण्यासाठी नदीत टाकण्यात आले. दुसऱ्या एका पुलासाठीही सारनाथचे दगड गाड्या भरभरून नेले गेले. म्हणजे जगतसिंहाच्या माणसांनी अज्ञानाने जे केले, तेच पुढील पिढीतील सरकारी बांधकामाने, स्थळाचे महत्त्व कळल्यानंतरही केले.

१८५१-५२ मध्ये मार्कम किट्टो याने येथे उत्खनन केले. खऱ्या अर्थाने शास्त्रशुद्ध उत्खननास १९०४-०५ मध्ये प्रारंभ झाला. सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंता एफ. ओ. ऑर्टेल याने प्रमुख मंदिर, अशोकस्तंभ व त्याचे सिंहशीर्ष शोधून काढले. त्याला ४७६ शिल्पे व वास्तुखंड आणि ४१ लेख मिळाले. त्यानंतर जॉन मार्शल व स्टेन कोनो (१९०७-०८), हॅरल्ड हारग्रीव्ह्‌ज (१९१४-१५) आणि दयाराम साहनी यांनी हे काम पुढे नेले. सापडलेल्या वस्तू बाहेर न नेता जागेवरच जतन कराव्यात, या धोरणानुसार येथे १९१० मध्ये संग्रहालयाची इमारत पूर्ण झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे हे सर्वांत जुने स्थळ-संग्रहालय होय.

अवशेष : वाराणसीकडून येणाऱ्यास प्रथम रस्त्याच्या कडेला विटांचा चौखंडी स्तूप लागतो. तेथून सु. ८०० मी. वर मुख्य अवशेषांचे आवार आहे. तेथील बहुतेक वास्तूंचे केवळ पाये व भिंतींचे खालचे थर शिल्लक आहेत, त्यामुळे सामान्य प्रेक्षकाला त्यांचा अर्थ चटकन उमगत नाही. धर्मराजिका स्तूपाच्या जागी आता फक्त वर्तुळाकार विटांची कडी दिसतात. मूळ स्तूपाचा व्यास १३.४९ मी. होता व त्यावर निरनिराळ्या काळांत सहा वेळा आवरणे चढविली गेली. प्राचीन लोक जुना स्तूप पाडत नसत, तर त्याला आपल्या गर्भात घेऊन नवा बांधत. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे ही कडी त्या स्थळाच्या वयाची साक्ष देतात. स्तूप खणला गेला नसता, तर ही वलये इतक्या स्पष्टपणे दिसली नसती.

धर्मराजिकेच्या उत्तरेस प्रमुख मंदिर (मूलगंधकुटी) आहे. त्याची बाजू सु. १८ मी. असून जाड भिंतींवरून वर उंच शिखर असावे, असे अनुमान करता येते. हेच यूआन च्वांगने वर्णिलेले मंदिर असावे. त्याच्या दक्षिणेकडील दालनात एकाच दगडातून कोरलेली, चकचकीत मौर्य झिलई असलेली वेदिका आहे. मंदिराच्या पश्चिमेस अशोकस्तंभ आहे. सभोवार यात्रेकरूंनी बांधलेले लहानमोठे असंख्य नवसाचे स्तूप विखुरलेले आहेत. राजांचे लेख मोजके आहेत. परंतु या स्तूपांच्या गर्दीतून सामान्य उपासकांची शतकानुशतकांची ये-जा प्रत्ययास येते. उत्तरेस कुमारदेवीचा विहार असून त्याची पूर्व-पश्चिम लांबी २३० मी. हून अधिक आहे. त्याच्याखाली व आसपास कुशाणकालीन विहारांचे अवशेष मिळाले आहेत. मधल्या चौकाभोवती खोल्या, अशी त्यांची रचना आहे.

आवाराच्या पूर्वेस धमेक स्तूप उभा आहे. सारनाथ येथील उभी राहिलेली ही एकमेव भव्य प्राचीन वास्तू होय. तळाशी त्याचा व्यास २८.५ मी. व उंची ३३.५३ मी. आहे. दंडगोलाकार खालच्या भागास दगडी मढवणूक असून दगड लोखंडी पकडींनी जोडले आहेत. वरचा भाग विटांचा आहे. आठ दिशांना मूर्तींसाठी कोनाडे आहेत. मधल्या पट्ट्यात भौमितिक आकृत्या, वेलबुट्ट्या, पक्षी व मानवी आकृती यांचे गुप्तकालीन कोरीवकाम आहे. त्याचा काही भाग अपुरा राहिला आहे. पहिला उपदेश झाल्याचे स्थान म्हणून यात्रेकरू आज याच स्तूपाला प्रदक्षिणा घालतात. महीपालकालीन लेखातील ‘धर्मचक्र’ म्हणजे हाच स्तूप असावा, असे काही विद्वानांचे मत आहे.

संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे अशोकस्तंभाचे शीर्ष होय. ते सु. २.१ मी. उंच आहे. घंटाकृती उलट्या कमळावर गोल पीठ, पीठावर हत्ती, बैल, घोडा व सिंह हे चार प्राणी आणि त्यांच्या मध्ये चोवीस आऱ्यांची चार चक्रे, त्यांवर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, अशी त्याची रचना आहे. सिंहांच्या माथ्यावर मुळात आणखी एक मोठे धर्मचक्र होते. त्याचे तुकडे संग्रहालयात आहेत. २६ जानेवारी १९५० रोजी या शीर्षाच्या आधारे केलेली मुद्रा भारताचे राष्ट्रचिन्ह म्हणून स्वीकारण्यात आली. राष्ट्रध्वजावरील चक्रही याच पीठावरील चक्राच्या नमुन्यावर आधारलेले आहे. राष्ट्रचिन्हात ते मोठे चक्र नाही. सिंहांनी ज्यासाठी खांदा दिला होता, ती वस्तू भंगल्यामुळे आज सिंहच प्रमुख वाटतात. मूळ कल्पनेत प्रधान स्थान धर्मचक्राचे होते.

पुनरुज्जीवन : श्रीलंकेतील बौद्ध नेते अनागारिक धर्मपाल १८९१ मध्ये प्रथम सारनाथला आले, तेव्हा तेथे बौद्ध उपासनेची कोणतीही सोय नव्हती. त्यांनी स्थापन केलेल्या महाबोधी सोसायटीने अवशेषांच्या आवाराजवळ नवा मूलगंधकुटी विहार बांधला. त्याचे उद्घाटन नोव्हेंबर १९३१ मध्ये झाले. अन्यत्र उत्खननात मिळालेले पवित्र अस्थी-अवशेष भारत सरकारने या विहारासाठी दिले. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास ते दर्शनासाठी बाहेर काढतात. ज्या भूमीच्या स्वतःच्या अस्थी १७९४ मध्ये गंगेत गेल्या, तिला अशा रीतीने दुसरीकडून आणलेल्या अस्थींनी पुन्हा तीर्थाचे रूप आले. विहाराच्या भिंतींवरील बुद्धचरित्राची चित्रे जपानी चित्रकार कोसेत्सु नोसू यांनी काढली. धर्मपालांचे निधन १९३३ मध्ये सारनाथ येथेच झाले. त्यानंतरच्या काळात तिबेटी, चिनी, थाई, जपानी इ. बौद्धांची मंदिरे येथे उभी राहिली. १९६७ मध्ये तिबेटी विद्येच्या अध्ययनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली.

महाराष्ट्राशी सारनाथचे नाते आधुनिक काळात दृढ झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या सोहळ्याच्या स्मृतिदिनास ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ हे नाव रूढ झाले, ते ऋषिपतनातील घटनेवरूनच. काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेनंतर, नोव्हेंबर १९५६ मध्ये, म्हणजे महापरिनिर्वाणापूर्वी काही दिवस, त्यांनी सारनाथला भेट दिली. तेव्हापासून महाराष्ट्रातील उपासक मोठ्या संख्येने येथे येतात. अभ्यासकाला जे विटांचे थर दिसतात, ते त्यांच्या दृष्टीने श्रद्धेचे स्थान आहे.

१९९८ मध्ये सारनाथच्या प्राचीन स्थळाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. येथील वास्तूंचे जतन करताना दोन भिन्न गरजांचा मेळ घालावा लागतो. पुरातत्त्वाला अवशेष आहेत त्या स्थितीत राखावयाचे असतात, तर भाविकाला तेथे दिवे लावून, फुले वाहून, सुवर्णपत्र चिकटवून पूजा करावयाची असते. सारनाथचा इतिहास पाहता या दोन्हींपैकी एकाचीही उपेक्षा परवडण्यासारखी नाही. उपासक नाहीसे झाले, तेव्हा स्तूप विटांचे ढीग ठरले. आणि अभ्यासकाची दृष्टी नव्हती, तेव्हा अस्थींचा करंडक रिकामा झाला.